खिशातले गाणे, घरातले गाणे : उपनगरांच्या श्रवणाचा शतकभराचा इतिहास

मुलुंडच्या आमच्या घरात आजोबांच्या १४० कॅसेट आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या काहींच्या फितीवर पांढरी बुरशी दिसू लागली, तेव्हा मी त्या एकेक करून संगणकात उतरवायला घेतल्या. जुना लॅपटॉप कपाटावर ठेवला, घरच्या वाय-फायला जोडला, त्यावर गाणी पुरवणारी एक मोफत प्रणाली बसवली. एक निवृत्त मोबाइल बाहेरच्या खोलीतल्या स्पीकरला जोडला, दुसरा स्वयंपाकघरात ठेवला. गाणी कपाटावर, आवाज दोन्ही खोल्यांत.

आजी चार दिवस खूश होती. पाचव्या दिवशी तिने विचारले, "अगं, हे मला शनिवारी भजनाला जाताना नेता येईल का?"

तिच्याकडे बटणांचा एक छोटा प्लेअर आहे. त्यात मेमरी कार्ड बसते, वाय-फाय नाही. कपाटावरच्या लॅपटॉपला या प्लेअरचे अस्तित्वच ठाऊक नव्हते. मी गाणी केबलने त्यात भरली, तर निम्मी वाजेनात, कारण मी ती ज्या प्रकारच्या फाइलींत साठवली होती, तो प्रकार त्याला कळत नव्हता. त्या बदलून दिल्या. मग पडद्यावर गाण्याच्या नावाच्या जागी नुसते चौकोन दिसू लागले. देवनागरी अक्षरे त्याला वाचता येत नव्हती. आजी म्हणाली, "चौकोन वाचायला शिकते आता."

आजचा धागा या चौकोनांविषयी आहे. घरात सगळ्यांनी मिळून ऐकायचे गाणे आणि खिशात घालून बाहेर न्यायचे गाणे यांची सांगड घालण्याची खटपट शंभर वर्षे जुनी आहे आणि तिचा एक मोठा भाग आपल्या अंधेरी-बोरिवली-मुलुंड पट्ट्यात घडला आहे. धागा लांब आहे. चहा करून घ्या.

आधी एक प्रचलित समज बाजूला ठेवू. श्रवणाच्या इतिहासावरील पाश्चात्त्य लेखनात साधारण अशी गोष्ट सांगितली जाते : आधी दिवाणखान्यात रेडिओ होता, भोवती कुटुंब होते, मग यंत्रे लहान झाली, खिशात गेली, कानांत बोंडे आली आणि माणूस एकटा झाला. आपल्याकडच्या पुराव्यांशी ही गोष्ट जुळत नाही. मुंबईच्या उपनगरी घरांत खिशात मावणारे किंवा हातात धरून नेता येणारे यंत्र बहुतेक वेळा साऱ्या घराचा स्पीकर म्हणूनच वापरले गेले. ते कसे, ते पाहू.

सुरुवात ग्रामोफोनपासून. नेता येण्याजोगे यंत्र म्हणजे ट्रान्झिस्टर, असे आपण धरून चालतो. पण पेटीसारखा मिटणारा, वर कडी असलेला, किल्लीवर चालणारा ग्रामोफोन त्याच्या कितीतरी आधीचा. एचएमव्हीचे '१०२' हे सुप्रसिद्ध मॉडेल १९३१ सालचे. त्याला वीज लागत नसे, त्यामुळे वीज न पोहोचलेल्या घरांतही तो वाजे. सहलीला नेता येई, लग्नघरी उसना देता येई. हे 'पोर्टेबल' यंत्र कोणी एकट्याने ऐकले असेल, हे संभवत नाही. त्याच्या कर्ण्यातून निघणारा आवाज कमी करण्याचे बटणच नव्हते. फार तर आत फडके कोंबायचे.

विजेचा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. ते चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी १९३० मध्ये बुडाली. रेडिओ ऐकण्यासाठी वर्षाला १० रुपयांचा परवाना लागे आणि कंपनी बुडाली तेव्हा साऱ्या देशात आठ हजारही परवाने नव्हते. याच सुमारास, १९२९ साली, बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. जुनी माणसे तिला अजून 'बीएसईएस' म्हणतात. (मुलुंडकरांनी उगाच हुरळू नये, आपल्याकडे आजही महावितरणची वीज येते.) झडपांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, रेडिओ विजेवर चाले, तापायला वेळ घेई आणि त्याला गॅलरीत आडवी बांधलेली जाळीची एरियल लागे. म्हणून उपनगरांत रेडिओचा प्रसार विजेच्या तारांमागून झाला.

परवान्याची पद्धत पुढे दीर्घकाळ टिकली. टपाल कार्यालयात जाऊन पैसे भरायचे, छोट्या पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत पूर्णपणे संपली. आमच्या पिढीला हे विनोदी वाटते; परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती पुस्तिका म्हणजे घबाड आहे. घरात यंत्र कोणत्या वर्षी आले, ते कोणाच्या नावावर होते, कोणत्या पत्त्यावर होते, हे सारे त्यात सापडते. १९६०च्या दशकातली एखादी पुस्तिका हाती लागली तर नाव कोणाचे आहे ते पाहा. घरातील गाण्यावर कागदोपत्री मालकी कोणाची होती, ते कळेल.

त्या रेडिओवर काय ऐकत? १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले, ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडके यांचे संगीत. गाणी लागण्याआधी लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, हे घरोघरच्या आठवणींत आहे. शेजारच्या घरात रेडिओ नसेल तर दार उघडे ठेवण्याचा शिष्टाचार होता.

हिंदी चित्रपटगीतांची कथा वेगळी. १९५२ पासून माहिती व प्रसारण खाते बा. वि. केसकर यांच्याकडे होते. ते मराठी आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन गाठले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला तेथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सयानी.

येथे जरा थांबू, कारण आजच्या भाषेत बोलायचे तर हे 'नेटवर्क' मोठे मजेदार होते. गीतमाला मुंबईत ध्वनिमुद्रित होई. तिच्या फिती विमानाने कोलंबोला जात. तेथून लघुलहरींवर त्या प्रक्षेपित होत आणि समुद्र ओलांडून पुन्हा मुंबईच्या घरांत शिरत. मुंबईत तयार झालेले गाणे, मुंबईत केलेले निवेदन, मुंबईतच बसलेला श्रोता. मध्ये सुमारे तीन हजार किलोमीटरचा वळसा! आज बोरिवलीतल्या मोबाइलवरचे गाणे सिंगापूरच्या सर्व्हरवरून येते याचे ज्यांना नवल वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सरकारला अखेर शहाणपण सुचले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. आरंभी मुंबई आणि मद्रास येथील लघुलहरी प्रक्षेपकांवरून ती ऐकू येई. आता याच वर्षातला दुसरा एक दिनांक पाहा : १ फेब्रुवारी १९५७. त्या दिवशी बृहन्मुंबईची हद्द उत्तरेला दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. अंधेरी वगैरे भाग १९५० मध्येच आत आले होते. बोरिवली आणि मुलुंड महापालिकेत आली ती १९५७ मध्ये. म्हणजे आपली उपनगरे 'मुंबई' झाली त्याच वर्षी विविध भारती जन्मली. हा योगायोगच आहे, मी त्यात कार्यकारणभाव शोधत नाही. पण विविध भारतीचा पत्ता बोरिवली पश्चिमेच्या गोराई रस्त्याचा आहे. देशभरातून आलेल्या फर्माइशींच्या पोस्टकार्डांवर 'बोरिवली' हे नाव लिहिले गेले. ज्यांनी मुंबई कधी पाहिली नाही, अशा असंख्य श्रोत्यांना मुंबईचे हे एक उपनगर नावाने ठाऊक होते.

विविध भारतीचे कार्यक्रम एका ठिकाणी तयार होत आणि फितींवरून, पुढच्या काळात उपग्रहावरून, गावोगावच्या केंद्रांत पोहोचत. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर येथे तिच्यावर जाहिरातीही सुरू झाल्या. पूर्वी सिलोनला जाणारा टूथपेस्टचा पैसा आता घरी राहू लागला.

आता ट्रान्झिस्टर. त्याचा शोध १९४७ चा, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला. खिशात मावणारा पहिला विक्रीयोग्य रेडिओ, रीजन्सी टीआर-१, १९५४ चा. भारतात हा रेडिओ कारखान्यांतून घराघरांत गेला आणि त्यांतले दोन कारखाने आपल्या अगदी दाराशी होते. टाटांच्या नेल्कोचा, म्हणजे मूळच्या नॅशनल-एको रेडिओचा, अंधेरीला. आणि 'मर्फी बेबी'मुळे अजरामर झालेल्या मर्फीचा मुलुंडच्या नाक्यापलीकडे ठाण्याला. लोकलने कामाला जायचे, दिवसभर रेडिओ जोडायचे आणि संध्याकाळी घरी येऊन तोच ऐकायचा, असे आयुष्य जगलेली माणसे या पट्ट्यात अजून भेटतात.

ट्रान्झिस्टरने काय बदलले? माझ्या मते, मुख्य बदल घराच्या आतच झाला. विजेवरचा रेडिओ फळीवर, भरतकाम केलेल्या रुमालाखाली, घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हुकमतीत असे. कातडी वेष्टनातला ट्रान्झिस्टर स्वयंपाकघरात गेला. दुपारी घरातली पुरुष मंडळी चर्चगेट-व्हीटीला असताना स्टेशन कोणते लावायचे, हे ठरवणारी व्यक्ती बदलली. दुपारच्या कार्यक्रमांची जाण असलेली एक सबंध स्त्रीपिढी या यंत्राने घडवली. घराबाहेर तो गेला तो मुख्यतः क्रिकेटसाठी, आणि तिथेही त्याच्याभोवती दहा माणसे उभी असत.

यानंतर कॅसेट. फिलिप्सने ती १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. आपल्याकडे तिचा खरा सुकाळ १९८०च्या दशकात झाला. आखातात नोकरीला गेलेला मामा किंवा शेजारी परत येताना 'टू-इन-वन' आणी : रेडिओ आणि कॅसेट एकाच पेटीत. रेडिओवर लागलेले गाणे बटण दाबून पकडता येऊ लागले. ग्रामोफोनवर कंपनीने दिलेले ऐकावे लागे, रेडिओवर निवेदकाने लावलेले. कॅसेटवर मात्र आपली निवड आपल्याला करता येई. स्टेशनाबाहेरच्या दुकानात वहीत गाण्यांची यादी लिहून दिली की दोन दिवसांत ६० किंवा ९० मिनिटांची कॅसेट 'भरून' मिळे. कायद्याच्या दृष्टीने हे बेकायदा होते. पण दुकानाच्या पाटीवरच ते लिहिलेले असे.

१९८३ मध्ये गुलशन कुमार यांनी सुपर कॅसेट्स, म्हणजे टी-सिरीज, काढली. स्वस्त किंमत, पानटपरीपर्यंत विक्री, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेऊन जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या आवृत्त्या. एचएमव्हीची दीर्घ मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन संगीत-अभ्यासकाचे 'कॅसेट कल्चर' (१९९३) हे पुस्तक यावरच आहे, अवश्य वाचा. कॅसेटच्या पैशाची काळी बाजूही आपल्याच उपनगराने पाहिली : १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरी पश्चिमेला मंदिरातून बाहेर पडताना गुलशन कुमार यांची गोळ्या घालून हत्या झाली.

स्वस्त कॅसेटमुळे जे आवाज मोठ्या कंपन्यांच्या गणतीत नव्हते, त्यांना बाजार मिळाला : भीमगीते, कोळीगीते, लोकगीते, गावोगावची भजने. दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या शेजारी गाण्यांची दुकाने लागतात. तेथे आधी कॅसेट होत्या, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डे. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत ही गाणी टू-इन-वनवर वाजत आणि तो दारात, बाहेर तोंड करून ठेवलेला असे. हे ऐकणे खासगी नव्हते आणि तसे असावे अशी कोणाची इच्छाही नव्हती.

आता ज्याच्यावर सारा आरोप आहे, त्या वॉकमनकडे येऊ. सोनीने तो १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आणला, किंमत ३३,००० येन. पहिल्या मॉडेलला हेडफोनची दोन छिद्रे होती, हे फार थोड्यांना माहीत असते. त्यावर एक नारिंगी बटणही होते. ते दाबले की गाणे मंद होऊन जोडीदाराचे बोलणे मायक्रोफोनमधून कानात येई. सोनीचे सहसंस्थापक आकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात कारण सांगितले आहे : प्रयोगादाखल यंत्र घरी नेले, तेव्हा आपल्याला वगळल्यासारखे वाटून पत्नी रागावली. एकट्याने ऐकणे उद्धटपणाचे ठरेल, अशी भीती त्यांना वाटत होती. पुढे कंपनीला उमगले की लोकांना एकट्याने ऐकण्याची लाज वाटत नाही. नंतरच्या यंत्रांतून दुसरे छिद्र आणि नारिंगी बटण गेले.

मुंबईत वॉकमन आला तो आयात शुल्काच्या भिंतीला वळसा घालून. कोणाच्या तरी बॅगेतून, नाहीतर हाजीअलीच्या हिरापन्नासारख्या बाजारातून. उपनगरातल्या मध्यमवर्गीय घरात तो एकच असे आणि तो 'दादाचा' असे. त्याला जोडायचे छोटे स्पीकर लगोलग मिळू लागले. मोरितांनी दिलेले आणि काढून घेतलेले दुसरे छिद्र उपनगरांनी असे परत मिळवले.

लोकलचे काय? मुंबईकराच्या दिवसातले दोन-अडीच तास जेथे जातात, त्या डब्यात तरी तो एकटा ऐकत असेलच की. हो, ऐकत होता. २००२ मध्ये मुंबईत खासगी एफएम केंद्रे सुरू झाली आणि इअरफोन लावलेले छोटे रेडिओ डब्यात दिसू लागले. तथापि त्याच डब्यात त्याच्या आधीपासून भजनी मंडळे आहेत. टाळ पिशवीतून येतात, जागा ठरलेल्या, गाडी ठरलेली. डब्याचा पत्राच कधी कधी पखवाज होतो. त्यांच्याबद्दल तक्रारी होतात, रेल्वे अधूनमधून कारवाई करते आणि मंडळे परत येतात. इअरफोनवाला आणि टाळवाला एकमेकांना खेटून उभे असतात. एकाची जागा दुसऱ्याने घेतली, असे घडलेले नाही.

येथून संगणकाचे युग सुरू होते आणि आजीच्या चौकोनांकडे आपण वळू लागतो. एमपी३ हे नाव १९९५ चे. १९९८ मध्ये पहिले खिशात मावणारे एमपी३ प्लेअर बाजारात आले. त्यांतल्या एकावर, डायमंड कंपनीच्या रिओवर, अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने खटला भरला. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की घरच्या संगणकात असलेली गाणी बरोबर नेण्यासाठी त्यांची प्रत करणे हा वैयक्तिक वापर आहे. घरातून खिशात गाणे नेण्याचा हक्क न्यायालयात जिंकला गेला, तो असा. आयपॉड त्यानंतर, २००१ मध्ये आला.

त्याच वर्षी अमेरिकेत स्लिम डिव्हायसेस नावाच्या छोट्या कंपनीने उलटी वाट शोधली : गाणी संगणकातच राहू द्यायची आणि घरातल्या तारांवरून ती खोलीतल्या छोट्या यंत्राकडे पाठवायची. पुढे त्याचे नाव स्क्वीझबॉक्स झाले. ही कल्पना मात्र नवी नव्हती. १८८१ च्या पॅरिस विद्युत प्रदर्शनात दूरध्वनीच्या तारेवरून ऑपेरा ऐकवला गेला होता आणि बुडापेस्टमध्ये १८९३ पासून वर्गणीदारांच्या घरी तारेवरून बातम्या नि संगीत पुरवणारी सेवा होती. रेडिओने ती तार पुढे कापली. वाय-फायने कल्पना परत आणली.

स्क्वीझबॉक्सची प्रणाली मुक्त स्रोताची होती, म्हणजे तिची संहिता कोणालाही पाहता-बदलता येत होती. कंपनी २००६ मध्ये लॉजिटेकने घेतली, २०१२ मध्ये यंत्रे बनवणे थांबले, २०२४ मध्ये लॉजिटेकने त्यांची ऑनलाइन सेवाही बंद केली. तरीही घरात चालणारी प्रणाली मेली नाही. वापरणाऱ्यांनीच ती नव्या नावाने चालू ठेवली. माझ्या कपाटावरच्या लॅपटॉपमध्ये तीच आहे.

हे यंत्र मुंबईच्या उपनगरांत का रुजले नाही? किंमत, आयात, तेव्हाचे संथ इंटरनेट ही कारणे आहेतच. पण मूळ कारण मला घराच्या क्षेत्रफळात दिसते. 'प्रत्येक खोलीत संगीत' हे ज्या घरांसाठी कल्पिले होते, त्यांत बऱ्याच खोल्या होत्या. वन रूम किचनमध्ये एक स्पीकर लावला की तो प्रत्येक खोलीत, न्हाणीघरात आणि शेजाऱ्यांकडेही ऐकू जातो! आपल्याला गरज होती ती खिशातले गाणे खोलीत आणण्याची. ती आपण फुकटात भागवली : मोबाइल स्टीलच्या ग्लासात उभा ठेवून. आणि गाणी कुठून? मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवरून. कॅसेट भरून देणाऱ्याचाच हा वंशज. मेमरी कार्ड द्यायचे, थोडे पैसे द्यायचे, तो संगणकातून शेकडो गाणी ओतून देई. गाण्यांची नावे रोमन लिपीत, अर्धवट, चुकीच्या स्पेलिंगची. गायक कोण, कवी कोण, वर्ष कोणते, याचा पत्ता नाही. कॅसेटच्या पुठ्ठ्यावर निदान तेवढे छापलेले असे. माझ्या लेखी या साऱ्या प्रवासातले मोठे नुकसान ते आहे. गाणे हलके होत गेले आणि वाटेत आपल्या कर्त्यांची नावे सांडत गेले.

हे ओळखून असेल किंवा नसेल, पण २०१७ मध्ये सारेगमने, म्हणजे पूर्वीच्या ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, 'कारवाँ' आणला. दिसायला जुना ट्रान्झिस्टर, आत ५,००० गाणी, गायक-संगीतकारांनुसार लावलेली, सोबत अमीन सयानींची गीतमालाही. पुढे मराठी गाण्यांचा कारवाँही निघाला. तो हातात धरून नेता येतो, घरात मधोमध ठेवता येतो, इंटरनेट मागत नाही. घराघरांतल्या मुलांनी तो आईवडिलांना भेट दिला. आजीच्या प्रश्नाचे एका कंपनीने दिलेले हे उत्तर होते आणि ते वाईट नव्हते. अडचण एवढीच की ती ५,००० गाणी कंपनीने निवडलेली आहेत आणि आतून बाहेर काढता येत नाहीत. जाहिराती ऐकत किंवा वर्गणी भरून मोबाइलवर ऐकतो, त्या गाण्यांचे तर त्याहून बिकट : करार संपला की गाणे यादीतून एका रात्रीत नाहीसे होते.

मग आजोबांच्या कॅसेटचे एवढे काय? कंपनीने विकलेल्या कॅसेटचे फार काही नाही. ती गाणी इतरत्र मिळतील. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थांतल्या संग्राहकांनी जुन्या ध्वनिमुद्रिकांची नोंद ठेवण्याचे काम आपल्यापेक्षा कितीतरी नेटाने केले आहे. प्रश्न आहे तो रेडिओवरून घरी मुद्रित केलेल्या कॅसेटचा. आजोबांच्या संग्रहात अशा ३१ निघाल्या. त्यांत गाण्याआधी निवेदक आहे, फर्माइश करणाऱ्यांची नावे आहेत, गावे आहेत, साबणाची जाहिरात आहे. एकीत गाण्याच्या मधोमध कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत आणि आजी कोणाला तरी "दार लाव" म्हणते आहे. ही प्रत जगात कोणत्याही सर्व्हरवर नाही.

मी त्या शिट्ट्या काढून टाकणार होते. आवाज स्वच्छ करणारी साधने आता सहज मिळतात. आजीने प्लेअर कानाशी धरून ते दोनदा ऐकले. म्हणाली, "राहू दे. नवीन कुकर होता तो."

सध्याची व्यवस्था सांगते, कोणाला उपयोगी पडेल. प्रत्येक कॅसेटच्या दोन प्रती : एक मूळ दर्जाची, काहीही न कापता, लॅपटॉपवर आणि शिवाय एका वेगळ्या डिस्कवर; दुसरी एमपी३, आजीच्या प्लेअरसाठी. पहिलीत नावे देवनागरीत, कवी-संगीतकार-गायक-वर्ष यांसह. दुसरीत नावांच्या आधी आकडे, कारण चौकोनांच्या मधले आकडे तिला वाचता येतात. तिने एका वहीत आकड्यांसमोर गाणी लिहून घेतली आहेत. रविवारी संध्याकाळी मी कार्ड काढून नवी गाणी भरते. घरचे नेटवर्क आणि तिचा प्लेअर यांच्यामधली केबल म्हणजे सध्या मी.

आता मदत हवी आहे. कॅसेट क्रमांक ५२, बाजू 'ब'. कुकरच्या शिट्ट्या हिच्यातच आहेत. वरचा कागद गळून पडला आहे, साल कळत नाही. निवेदिका मराठी बोलते, कार्यक्रम फर्माइशींचा आहे. आजीला एवढेच आठवते की कुकर धाकट्या आत्याच्या बारशानंतर घेतला. अशी घरगुती मुद्रिते काळात बसवण्यासाठी जाहिराती सर्वांत विश्वासू ठरतात, म्हणून मधल्या दोन जाहिरातींचा तुकडा पुढच्या पोस्टमध्ये टाकते आहे. घरातल्या मोठ्यांना ऐकवा आणि कोणाला वर्ष ओळखता आले तर खाली लिहा. तुमच्याकडे जुनी रेडिओ परवान्याची पुस्तिका असेल तर नाव-पत्ता झाकून तिच्या पानाचे छायाचित्रही टाका. पुढचा धागा त्यांवर करायचा विचार आहे.